सहाशे मीटरांत बारा किलोमीटर : लांबच्या एफपीव्ही उड्डाणाच्या तयारीचं एक प्रकरण

लांब पल्ल्याचा एफपीव्ही ड्रोन, म्हणजे त्याच्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये बघत उडवायचा ड्रोन, बांधून झाला की सगळे एकच विचारतात : किती लांब जातो? खारघरच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने आणि कळव्यात राहणाऱ्या त्याच्या मामाने हा प्रश्न उलटा घेतला. किती लांबून परत येईल, आणि ते लांब न पाठवता कसं कळेल? मामा रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले. मी मामांचा मित्र. चाचणीच्या दिवशी वही माझ्याकडे होती, म्हणून हे प्रकरण मला सविस्तर मांडता येतंय. या छंदात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने यातला बॅटरीचा हिशेब तरी एकदा स्वतः करून पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

क्वाड आणि कायदा

९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन परदेशातून आणायला बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक एफपीव्हीवाले सोल्डरिंग गन हातात घेऊनच उडवायला शिकतात. भाच्याचा क्वाड, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, सात इंची पंख्यांचा. बॅटरी लिथियम-आयन, २१७०० आकाराचे सहा सेल एका ओळीत, क्षमता ४२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास). एक सेल साधारण ७० ग्रॅमचा, म्हणजे नुसते सेलच सव्वाचारशे ग्रॅमच्या घरात. सगळं मिळून वजन अकराशे ग्रॅमच्या आसपास. २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोच्या आत असल्याने तो 'मायक्रो' वर्गात बसतो.

भाच्याची मूळ इच्छा सरळ होती : दहा किलोमीटर जायचं आणि परत यायचं. मामांनी आधी २०२१ ची ड्रोन नियमावली वाचायला लावली. छंदासाठी, शिक्षणासाठी किंवा चाचणीसाठी उडवल्या जाणाऱ्या 'मॉडेल' यानाची व्याख्याच तिथे अशी आहे की ते दृष्टीच्या टप्प्यात उडवलं जातं. सात इंची क्वाड अर्ध्या किलोमीटरवर आकाशातला ठिपका होतो. दहा किलोमीटरचा प्रश्नच येत नाही. तेवढ्यासाठी वेगळी परवानगी लागते, आणि ती मागायची तर हातात काहीतरी मोजलेलं हवं.

तिथून चाचणीचा आराखडा निघाला. मोकळ्या शेतात सहाशे मीटरची सरळ रेषा. पायलट तिच्या मधोमध, म्हणजे क्वाड कधीच तीनशे मीटरपलीकडे जाणार नाही आणि गॉगल काढला की नुसत्या डोळ्यांनी दिसेल. शेजारी मामा, ज्यांनी संपूर्ण उड्डाणभर फक्त क्वाडकडेच बघायचं. या रेषेवर जाऊन-येऊन फेऱ्या मारायच्या. एक फेरी १.२ किलोमीटर. बॅटरीला आपण लांब चाललोय की तिथल्या तिथे फिरतोय हे कळत नाही. रेडिओला मात्र कळतं, म्हणून त्याच्यासाठी वेगळी युक्ती केली. ती पुढे सांगतो.

जागा

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला जागा शोधणं हेच मोठं काम आहे. खारघरच्या पोरांना पूर्वी टेकड्यांचा आधार वाटायचा. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंतच हिरवा झोन, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणारा पट्टा, असतो. उलवे, बेलापूर, पनवेल, खारघर हे सगळं या वर्तुळांत आलं. जुन्या माहितीवर विसंबून कोणी अजून तिथे उडवत असेल तर त्याने आजच्या आज डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघावा. आता डोक्यावरून माणसांनी भरलेली विमानं जातात.

ठाण्याच्या बाजूला येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. कोलशेतला हवाई दल. ऐरोली-भांडुपची खाडी मोकळी दिसते खरी, पण ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ. हिवाळ्यात तिथे पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात, त्यांच्यावर पंखे फिरवत जाणारा माणूस मला तरी समजत नाही. शिवाय दोन्ही शहरांच्या पोलीस आयुक्तालयांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात.

शेवटी मुरबाड तालुका. म्हसा गावाच्या अलीकडे मामांच्या एका जुन्या सहकाऱ्याची भातशेती आहे. कापणी होऊन गेलेली, नुसती खाचरं आणि बांध. नकाशावर हिरवा झोन. जमीनमालकाची लेखी संमती घेतली, पोलीस ठाण्यात कळवलं. म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते, तेव्हा त्या रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नसते. ते दिवस आधीच खोडून टाकले.

आदल्या आठवड्यात मामा आणि भाचा नुसते चालत रेषा फिरून आले. नकाशात न दिसणाऱ्या दोन गोष्टी तेव्हा सापडल्या. पूर्वेच्या टोकाला आंब्याची राई होती, तिच्यातलं सर्वांत उंच झाड अंदाजे अठरा मीटर. आणि बांधाला समांतर पंपाच्या जोडणीची वीजवाहिनी गेली होती. पडघ्याच्या उपकेंद्राकडे येणारे अतिउच्च दाबाचे मनोरे लांबून दिसतात, त्यांची भीती नसते. खेड्यातली ही एकेरी तार मात्र गॉगलच्या चित्रात दिसतच नाही. रेषा चाळीस मीटर दक्षिणेला सरकवली आणि उडायची उंची ४५ मीटर ठरवली.

वाऱ्याचा हिशेब

या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

क्वाडचा हवेतला वेग ताशी ५५ किलोमीटर धरू. वारा नसेल तर जाताना निम्मी, येताना निम्मी बॅटरी. म्हणून बरेच जण 'अर्ध्यावर वळायचं' एवढाच नियम पाळतात. आता पाठीमागून ताशी २० चा वारा आहे असं समजा. जाताना जमिनीवरचा वेग ७५, येताना ३५. मोटर दोन्ही वेळेला मिनिटाला जवळपास तेवढाच करंट ओढते, पण येताना दुपटीहून जास्त वेळ लागतो. एकूण खर्चातला जाण्याचा वाटा ३२ टक्के, येण्याचा ६८. वारा ताशी १० असला तरी हिशेब ४१ आणि ५९ चा होतो.

भाच्याला हे वहीत पटलं, पण ४५ मीटरवर प्रत्यक्षात तसंच होतं का, हे बघायचं होतं. हिवाळ्यात या भागात सकाळी घाटाकडून हलका पूर्वेचा वारा असतो आणि दुपारनंतर समुद्राकडचा वारा पोचतो. मधल्या वेळात वारा भरवशाचा नसतो. रेषा मुद्दामच पूर्व-पश्चिम घेतली, म्हणजे प्रत्येक फेरीत एक बाजू वाऱ्यासोबतची आणि एक वाऱ्याविरुद्धची मिळेल. खर्चाचे दोन्ही आकडे एकाच उड्डाणात.

बॅटरीबद्दलही दोन ठराव आदल्या रात्री झाले. एक, ४२०० पैकी ८० टक्केच, म्हणजे ३३६० एमएएचच आपले. उरलेले हिशेबात धरायचेच नाहीत. दोन, या पहिल्या उड्डाणात गॉगलमधल्या पट्टीवर २००० एमएएच वापरलेले दिसले की उतरायचं, मग काहीही होवो. लिथियम-आयनचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात बराच वेळ हळूहळू उतरतो आणि शेवटी एकदम कोसळतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवर निर्णय सोपवायचा नाही. सहाही सेलचा अंतर्गत रोध चार्जरवर तपासला होता. सकाळच्या गारठ्यात तो वाढतो, म्हणून पॅक उड्डाणापर्यंत गाडीत टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला.

रेडिओ जवळूनच मोजला

कंट्रोलसाठी एक्सप्रेसएलआरएस ही रेडिओ प्रणाली, २.४ गीगाहर्ट्झ. परदेशी व्हिडिओ बघून ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल घ्यायचा मोह अनेकांना होतो. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा मोबाईल फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींचा पट्टा आहे. ते मॉड्यूल या नादात आणायचंच नाही. २.४ आणि ५.८ चे पट्टे ठरलेल्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतात.

मघाशी म्हटलेली युक्ती अशी. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने (डेसिबल, सिग्नलच्या ताकदीतला फरक मोजायचं माप) घटतो. तेव्हा क्वाड लांब नेण्याऐवजी ट्रान्समीटरची ताकद कमी करायची. २५० मिलीवॅटवरून १० मिलीवॅटवर आलं की १४ डीबी गेले, म्हणजे तीनशे मीटरवरचा सिग्नल पंधराशे मीटरवरच्यासारखा झाला. १५० हर्ट्झच्या वेगावर, म्हणजे सेकंदाला १५० संदेश जात असताना, या प्रणालीची संवेदनशीलता उणे ११२ डीबीएम आहे, त्याहून क्षीण सिग्नल तिला पकडता येत नाही. तिथपर्यंत किती जागा उरते ते बघायचं.

पहिल्याच छोट्या चाचणीत काहीतरी खटकलं. दोन्ही टोकांना वळताना सिग्नलचे आकडे उणे ८५ च्या आसपास होते. पूर्वेच्या टोकाला मात्र वळण अर्ध्यावर आलं की आकडा सरळ उणे ९७ वर पडायचा आणि सेकंदाभरात परत यायचा. प्रत्येक वेळी, त्याच जागी. भाच्याला आधी राईचा संशय आला. मामांनी विचारलं, "तिकडून उजवीकडे वळलास तर?" उजवीकडे वळल्यावर पडणं बंद. मग झाडांचा दोष नव्हता. खाली उतरवून बघितलं तर रिसीव्हरचा अँटेना फ्रेमच्या मागच्या डाव्या दांडीला चिकटून झिप-टायने बांधलेला. डावीकडे कलताना कार्बन फायबरची फ्रेम आणि सव्वाचारशे ग्रॅमची बॅटरी दोन्ही त्याच्या आणि आपल्या मधे येत होती. कार्बन फायबर वीज वाहतं आणि रेडिओलहरी अडवतं. अँटेना मागच्या प्लेटवर थ्रीडी-प्रिंट केलेल्या पट्टीवर उभा केला. नंतरच्या सर्व फेऱ्यांत सर्वांत वाईट आकडा उणे ८८.

पूर्ण ताकदीवर उडवलं असतं तर हा दोष दिसलाच नसता. खूप लांब गेल्यावर, परतीसाठी वळतानाच दिसला असता.

उणे ८८ ते उणे ११२ म्हणजे २४ डीबी शिल्लक, तेही १० मिलीवॅटवर. चार वेळा दुप्पट. कागदावर पावणेपाच किलोमीटर, आणि २५० मिलीवॅटवर त्याच्या पाचपट. थोडक्यात, कंट्रोल हा या क्वाडचा अडसर नाही. व्हिडिओची गोष्ट वेगळी. ५.८ गीगाहर्ट्झवर तेवढ्याच अंतरात साडेसात डीबी जास्त तोटा होतो, आणि त्याला कंट्रोलइतकी संवेदनशीलता नसते. २५ मिलीवॅटवर टोकाला चित्रात बर्फ दिसायला लागला होता. चित्र आधी जातं, हात नंतर सुटतो, हे लक्षात ठेवून फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर क्वाडने काय करायचं ते, आधीच लावावा लागतो.

परत येण्याची सोय

संपर्क तुटला तर बीटाफ्लाइट या क्वाडवरच्या सॉफ्टवेअरमधलं जीपीएस रेस्क्यू क्वाड परत आणतं. त्यातली एक गोष्ट डोंगराजवळ राहणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यायला हवी. परतीची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, खालच्या जमिनीपासून नव्हे. मुरबाडच्या सपाटीवर ३५ मीटर पुरतात, आंब्याचं झाड अठराचं आहे. पण हाच क्वाड हाच आकडा ठेवून सह्याद्रीच्या पायथ्याकडे गेला, मधे शंभर मीटरचा उंचवटा आला, तर तो अगदी निष्ठेने ३५ मीटरवरून सरळ रेषेत त्या उंचवट्यात शिरेल.

परतायची जागा, म्हणजे होम पॉइंट, आर्म करताना (उडायच्या आधी मोटर सुरू करताना) पकडला जातो. म्हणून किमान आठ उपग्रह दिसेपर्यंत आर्म करायचंच नाही. भाचा बारा होईपर्यंत थांबला. रेस्क्यू आधी स्विचवर लावून बघितलं, तीनशे मीटरच्या आत, मामांच्या नजरेसमोर. तो वळला, ३५ मीटरवर आला, घराकडे निघाला. स्विच परत घेतल्यावर ताबा मिळाला. दुसऱ्या वेळी वाऱ्याविरुद्ध येताना करून बघितलं, कारण परतीचा वेग वाऱ्यापेक्षा कमी ठेवलेला असेल तर क्वाड निष्ठेने घराकडे तोंड करून मागे मागे जात राहतो. इथे तसं झालं नाही.

प्रत्यक्ष उड्डाण

धुकं विरायला बराच वेळ लागला. पूर्वेचा वारा ताशी दहाच्या आसपास. गावातली चार-पाच मुलं जमली, त्यांना मी माझ्यामागे बांधावर बसवलं. डोक्यावरून उडवायचं नाही हा नियम त्यांनाही सांगितला आणि त्यांनी तो माझ्याहून कडक पाळला.

फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक टोकाला भाचा पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, मी लिहायचो. वाऱ्यासोबतच्या बाजूला साधारण ७५ एमएएच, वाऱ्याविरुद्ध ११५. म्हणजे ३९ आणि ६१. वहीतल्या ४१-५९ च्या इतकं जवळ आलेलं बघून मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघण्यासारखं होतं. मधे एकदा घार वर येऊन घिरट्या घालू लागली. मामांनी सांगितल्याबरोबर भाच्याने क्वाड मध्यावर आणून थांबवला, ती गेल्यावर पुढे.

दहावी फेरी संपत आली तसे पट्टीवर २००० दिसले.

"उतरव," मामा म्हणाले.

"मामा, सेलला साडेतीन व्होल्ट आहेत अजून. दोन फेऱ्या सहज होतील."

"होतील. पण आकडा काल रात्री ठरलाय ना? आता तू उडवतोयस, आता ठरवू नकोस. उतरव."

भाचा उतरला. पट्टीवर २०५०. बारा किलोमीटर, पंधरा-सोळा मिनिटं.

संध्याकाळी कळव्याला पॅक चार्जरला लावला. पूर्ण भरेपर्यंत चार्जरने २२१० एमएएच घातले. क्वाडचा करंट सेन्सर साधारण सव्वासात टक्के कमी दाखवत होता. ३३६० ची सीमा सेन्सरच्या भरवशावर गाठली असती तर खरे ३६२० वापरले गेले असते, राखीव साठ्यातला तिसरा हिस्सा कोणाला न कळता गेला असता. भाच्याने स्केल दुरुस्त केला आणि पुढचा पॅक वापरून पुन्हा चार्जरशी जुळवून घेतला.

आकडे हातात आल्यावर

दुरुस्त हिशेबाने क्वाड मिनिटाला सुमारे १५० एमएएच घेतो. उड्डाण-उतरण्याचे २०० बाजूला काढले तर प्रवासाला ३१६० उरतात. वारा नसताना जाऊन येण्याची हद्द साडेनऊ किलोमीटरच्या थोडी वर येते. ताशी २० चा वारा पाठीशी असेल तर सव्वाआठच्या थोडी वर. अंतर फार घटत नाही, म्हणूनच हा हिशेब फसवा आहे. बदलतो तो वळायचा आकडा. वारा नसताना १६८० वापरून वळलं तरी चालतं. दहाच्या वाऱ्यात १४०० ला वळावं लागतं, विसाच्या वाऱ्यात ११०० ला. ११०० ला पॅक अजून पाऊण भरलेला दिसत असतो! आणि अशा वेळी कोणी १६८० पर्यंत पुढे गेला तर तो तेरा किलोमीटरवर पोचलेला असेल. राखीव साठ्यासकट सगळं जाळलं तरी घराच्या साडेतीन किलोमीटर अलीकडे कुठेतरी पडेल. खाली कोणाचं घर असेल, शाळा असेल, आपल्याला काय माहीत.

समोरून वारा घेत निघालं तर परतीला तो मदत करतो, म्हणून १६८० च्याही पुढे जाऊन वळलं तरी चालेल, असं भाच्याने सुचवलं. हिशेब बरोबर होता. मामांनी तो मानला नाही. दुपारी वारा फिरतो हे शेतमालकाने त्यांच्यासमोरच सांगितलं होतं, तेव्हा समोरच्या वाऱ्याला फार तर १६८० हाच आकडा राहील. यात मी मामांच्या बाजूचा आहे.

वळायचे तीन आकडे ट्रान्समीटरच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहिले आहेत. दृष्टीपलीकडच्या उड्डाणाची परवानगी मागायच्या कागदांना फेऱ्यांचं पत्रक, अँटेना बदलण्याआधीचे आणि नंतरचे आकडे आणि चार्जरची नोंद जोडायची आहे. त्याआधी याच शेतात व्हिडिओची चाचणी राहिली आहे : २५ मिलीवॅट कायम ठेवून, जमिनीवरचा साधा अँटेना बदलून पॅच (एकाच दिशेचा सिग्नल जास्त पकडणारा अँटेना) लावायचा, आणि टोकाला चित्र किती सुधारतं ते तसंच फेरीगणिक लिहून घ्यायचं. शेतमालकाने उन्हाळी भाजी लावायच्या आत या म्हणून सांगितलंय.